कौलावरचं साल

जन्मतारखेच्या रकान्यात आठ चौकोन.
आवडाबाई कोयंडे त्यांच्याकडे बघते
फाटलेल्या जाळ्याची भोकं मोजावीत तशी.
"माझो जल्म? बोट वाळूत रुतली, त्या वरसाचो."
एवढं सांगून ती पान लावायला घेते.

मी ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते.
सून म्हणून या गावात आले त्याला अकरा वर्षं झाली,
आणि खारवण्याच्या दांड्यावर कधी बोट रुतली होती
हे मला आज कळतंय,
तेही निराधार योजनेच्या अर्जामुळे.

कुठली बोट, असं मी विचारायला नको होतं.

पांडू तारी रापणीचा दोर तसाच टाकून आला.
म्हणाला, आगबोट. माणसांची.
माझ्या आज्याने पडाव घातला मध्यरात्री,
एक नवरी खांद्यावरून उतरवली,
तिचा शालू कोरडा राहिला,
नवरा मात्र ओकून ओकून अर्धा झालेला.

कायतान म्हणाला, हॅट्!
ता गलबत होता, मंगळूरच्या कौलांनी भरलेला,
माझा बापूय तेव्हा सात वर्षांचा,
गुडघाभर पाण्यात उभा राहून कौलं झेलत होता.

इब्राहिम मुजावर उशिरा आले, काठी टेकत.
दोन्ही खरं, म्हणाले,
पण मध्ये बारा वर्षं गेली.
आगबोट रुतली तेव्हा अब्बा बत्तीवर होते, बत्ती जळत होती.
गलबत रुतलं त्या रात्री
अब्बा आजारी होते,
बत्ती दुसऱ्या कुणी सांभाळली.

दुसऱ्या कुणी म्हणजे कोणी?

पांडूला दोर आठवला.
कायतान थुंकायच्या निमित्ताने अंगणापार गेला.
आवडाबाईने चुन्याची डबी उघडली, मिटली, परत उघडली.
बत्ती विझली होती की विझवली होती,
हे या गावात कुणी विचारत नाही,
आणि मी सून, मलाही आता ते उमगलं.
मी नुसती वर पाहत राहिले.
तिचं छप्पर, शेजारच्या वाडीतलं छप्पर,
शाळेचं, देवळाच्या धर्मशाळेचं, आमचंही,
सगळी कौलं एकाच छापाची.

शेवटी पांडूचा नातूच म्हणाला, छापाखाली साल असतं ना?
आणि माकडासारखा वर चढला.
एक कौल निघालं. शेवाळ नखाने खरवडलं.
इंग्रजी आकडे: अठराशे पासष्ट.

मी समजावलं, ते कारखाना निघाल्याचं साल असतं,
प्रत्येक कौलावर तेच.
पण तोवर आवडाबाई बोटांवर हिशेब करून मोकळी.
"म्हणजे माका एकशे साठ वर्सां झाली.
गे बाय, मागची थकबाकी गावतली मा?"

सगळे हसले. अवघडलेले होते, म्हणून जरा जास्तच.
इब्राहिमचाचांना ठसका लागला,
कायतानने त्यांना पाणी दिलं,
दोघं एकाच बाकावर बसले, बऱ्याच दिवसांनी, असं मागून कुणी म्हणालं.

मी लिहिलं: एक जून.
शाळामास्तरांनी अर्ध्या गावाला दिलेली तीच तारीख,
होड्या वर ओढायचा, मासेमारी बंद व्हायचा दिवस.
साल मी अंदाजाने घातलं.
कुठल्या बोटीचं, ते मला विचारू नका.
तिने अंगठा उठवला
आणि शाई माडाच्या खोडाला पुसली.

निघताना लक्षात आलं, कौल परत बसवायचं राहिलंय.
पोराला हाक मारणार, तोच तिने हात केला.
राहू दे, म्हणाली, पाऊस अजून लांब आहे.
माजघरात कधी नव्हे ते ऊन उतरलं होतं,
कौलाएवढंच, लांबट.
तिने सुकटीचं सूप पायाने सरकवून
बरोबर त्यात आणून ठेवलं.